पिक्चर अडकतोय? नेटला दोष देण्याआधी साऊंडचं सेटिंग बघा

स्पीड टेस्ट केली तर नेट १०० एमबीपीएस दाखवतंय, राऊटर टीव्हीच्या शेजारीच ठेवलाय, यूट्यूबवर ४के व्हिडिओ मस्त चालतो, आणि नेटफ्लिक्स किंवा प्राइमवर पिक्चर लावला की मात्र दर थोड्या वेळाने चित्र क्षणभर थबकतं, मग पटकन पुढे पळतं, परत थबकतं. गोल फिरणारं चक्र कुठेच येत नाही, चित्र धूसरही होत नाही, फक्त अडखळतं. अशा वेळी बहुतेक जण आधी नेटवाल्याला फोन लावतात, मग टीव्हीला लावलेली ओटीटीची स्टिक (फायर टीव्ही, गुगल टीव्ही वगैरे) फॅक्टरी रीसेट करून सगळे पासवर्ड परत टाकत बसतात आणि शेवटी नवीन स्टिक मागवतात. आणि नवीन स्टिकवरही तेच होतं, कारण टीव्ही तोच, साऊंडबार तोच आणि त्यांच्यामधलं सेटिंगही तेच. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की एक पैसा खर्च करायच्या आधी दोन मिनिटं काढून ऑडिओचं सेटिंग बघा, ते फुकट आहे आणि आवडलं नाही तर परत पहिल्यासारखं करता येतं.

आवाजामुळे चित्र कसं अडकेल?

हे पटकन पटत नाही ते खरंय, म्हणून आधी जरा आत काय चालतं ते सांगतो. कुठलाही व्हिडिओ प्लेअर चित्र आणि आवाज वेगवेगळे उलगडतो आणि दोन्ही जुळवून ठेवायला त्याला एक घड्याळ लागतं. बहुतेक प्लेअरमध्ये हे घड्याळ आवाजाचं असतं. अँड्रॉइडवरची बरीच ॲप ज्या एक्झोप्लेअरवर चालतात त्यातही तसंच आहे. कारण असं की चित्राची एखादी फ्रेम गळली तर डोळ्याला कळतही नाही पण आवाजात काही मिलिसेकंदांची फट पडली तरी कानाला टक्क असं जाणवतं, त्यामुळे आवाज अखंड चालू ठेवायचा आणि चित्राने त्याच्या मागे जायचं अशी रचना केलेली असते. लेझीम खेळताना सगळे हलगीच्या ठेक्यावर पाय टाकतात, हलगीचा ठेका चुकला की सगळ्या रांगेचे पाय अडखळतात, इथेही तोच प्रकार आहे.

आता आवाज साधा स्टीरिओ असेल तर स्टिक तो स्वतःच उलगडते, पीसीएम (म्हणजे पूर्ण उलगडलेला साधा डिजिटल आवाज) करून पुढे पाठवते, आणि किती आवाज वाजून झाला याचा हिशोब तिच्याकडे पक्का असतो. पण ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर) किंवा अ‍ॅटमॉस (डॉल्बीचा, वरूनही येणारा सराउंड आवाज) असेल तर बऱ्याचदा स्टिक ते पॅकेट न उघडता तसंच एचडीएमआयवरून पुढे ढकलते. याला पासथ्रू म्हणतात, म्हणजे उघडायचं काम टीव्हीने नाहीतर साऊंडबारने करायचं. डॉल्बी डिजिटल या ५.१ च्या फॉरमॅटचं एक पॅकेट ३२ मिलिसेकंदांचं असतं आणि २४ फ्रेमच्या पिक्चरमधली एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंद पडद्यावर राहते, म्हणजे सगळा खेळ किती बारीक वेळेचा आहे बघा. पॅकेट जरा उशिरा गेलं, किंवा इतका आवाज वाजून झाला ही जी वेळ प्लेअरला परत कळते तीच चुकीची आली, की प्लेअरला वाटतं चित्र आवाजाच्या पुढे गेलंय. मग तो फ्रेम धरून ठेवतो, आणि नंतर आपण मागे पडलो म्हणून दोन-चार फ्रेम गाळून टाकतो. आपल्याला जे थबकणं आणि पळणं दिसतं ते हेच.

गडबड का होते याचं मुख्य कारण म्हणजे मधल्या मध्ये होणारी ओळखपाळख. स्टिक टीव्हीला लावली की टीव्ही तिला ईडीआयडी नावाची माहिती देतो, मला हे रिझोल्यूशन चालतं, हे ऑडिओ फॉरमॅट चालतात वगैरे. स्टिक त्यावर विश्वास ठेवते. पण साऊंडबार लावलेला असला की टीव्ही काय सांगतो, साऊंडबार काय झेपवतो आणि मधली केबल काय वाहून नेते या तिन्हीचा मेळ दर वेळी बसतोच असं नाही. टीव्ही म्हणतो डॉल्बी डिजिटल प्लस (त्याच फॉरमॅटचा नवा प्रकार, ओटीटीवर बहुतेक हाच असतो) चालतं, साऊंडबार फक्त साधं डॉल्बी डिजिटल घेतो, मग टीव्हीला चालू पिक्चरमध्ये एकातून दुसऱ्यात रूपांतर करत बसावं लागतं, आणि तिथे घोटाळा व्हायला वाव मिळतो.

आणि एक गैरसमज असतो तो इथेच सांगून टाकतो. ५.१ आवाज जड असतो म्हणून नेट पुरत नाही असं काही नसतं. नेटफ्लिक्सचा अ‍ॅटमॉस जास्तीत जास्त ७६८ केबीपीएसचा असतो, आणि ४के साठी नेटफ्लिक्स स्वतः १५ एमबीपीएस नेट सांगतं, त्यात आवाजाचा वाटा अगदीच किरकोळ झाला. म्हणजे प्लॅन वाढवून हा प्रॉब्लेम जाणार नाही.

आधी खात्री करा की हे आवाजामुळेच होतंय

ही पायरी सोडू नका, नाहीतर दहा सेटिंग बदलून बसाल आणि नेमकं कशाने फरक पडला ते कळणार नाही. जिथे अडकतं असा एक सीन पकडा, शक्यतो कॅमेरा फारसा हलत नाही असा, दोन माणसं बसून बोलतायत वगैरे. तो परत मागे घेऊन बघा. मग त्याच ॲपमध्ये ऑडिओ आणि सबटायटलच्या मेनूत जा. बऱ्याच पिक्चरला तिथे एकच भाषा दोनदा दिसते, एक नुसती आणि एक ५.१ लिहिलेली. ५.१ वाली सोडून नुसती निवडा आणि तोच सीन परत लावा. तसं दिसत नसेल तर दुसरी भाषा लावून बघा, काही पिक्चरना मूळ भाषेचा आवाज अ‍ॅटमॉसमध्ये असतो आणि डब केलेला हिंदी किंवा तमिळ साधा स्टीरिओ. भाषा बदलली आणि चित्र एकदम सुरळीत झालं तर चोर सापडला, नेटचा काही संबंध नाही, कारण चित्र तर तेच डाउनलोड होतंय.

यूट्यूब सुरळीत आणि बाकीची ओटीटी ॲप अडखळतात हीही मोठी खूण आहे, कारण यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ साध्या स्टीरिओत असतात. तसंच साऊंडबारमधून मधूनमधून आवाज तुटत असेल किंवा साऊंडबारच्या डिस्प्लेवर डॉल्बी, पीसीएम, परत डॉल्बी असं बदलत असेल तर आणखी तपासायची गरजच नाही.

फायर टीव्ही असेल तर त्यात एक लपवलेलं साधन आहे. रिमोटचं मधलं गोल बटण आणि खालच्या बाणाचं बटण एकत्र पाच सेकंद दाबून धरा, सोडा आणि लगेच तीन रेघांचं मेनू बटण दाबा. डेव्हलपर टूल्सचा मेनू येतो, त्यात सिस्टिम एक्स-रे चालू करा आणि अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स पण चालू करा. आता पिक्चर चालू असताना कडेला दिसतं की आवाज कुठल्या कोडेकमध्ये (म्हणजे फॉरमॅटमध्ये) चाललाय आणि फ्रेम किती गळतायत. ५.१ वर गळणाऱ्या फ्रेम वाढत जातायत आणि स्टीरिओवर तो आकडा हलत नाही असं दिसलं की मग शंका राहत नाही. काम झालं की बंद करायला विसरू नका.

आता सेटिंग

पद्धत अशी ठेवा: आधी एकदम खाली पीसीएमवर या, सगळं सुरळीत होतंय ना ते बघा, आणि मग एकेक पायरी वर चढा, आधी डॉल्बी डिजिटल, मग डॉल्बी डिजिटल प्लस, मग ऑटो. जिथे परत अडकायला लागेल त्याच्या एक पायरी खाली थांबायचं. पुष्कळ ठिकाणी लोक सांगतात पीसीएम करा आणि विसरून जा, मला ते पटत नाही. पाच-सहा स्पीकरचा सेट घेतलाय आणि पीसीएम लावून ठेवलं तर मागचे स्पीकर शोभेलाच राहतात, कारण स्टिकवरून पीसीएम म्हणजे दोनच चॅनेल जातात. उलट साधं डॉल्बी डिजिटल, जे १९९२ पासून थिएटरात आहे आणि डीव्हीडीच्या काळापासून घराघरात आहे, ते जवळपास प्रत्येक ५.१ साऊंडबारला आणि रिसिव्हरला नीट पचतं. ६४० केबीपीएसपर्यंत जातं, पूर्ण ५.१ मिळतं, आणि घरच्या दिवाणखान्यात त्यात काही कमी वाटत नाही. अ‍ॅटमॉस जातं, हे खरं, पण वर आवाज फेकणारे स्पीकर नसतील तर त्याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

फायर टीव्हीवर सेटिंग्ज, मग डिस्प्ले अँड साऊंड्स, मग ऑडिओ, तिथे सराउंड साऊंड. बेस्ट अव्हेलेबल, डॉल्बी डिजिटल प्लस, डॉल्बी डिजिटल, पीसीएम असे पर्याय असतात, मॉडेलप्रमाणे नावं थोडी पुढेमागे. तिथेच नेव्हिगेशन साऊंड्स आहे, मेनूत फिरताना टिकटिक येते ती, ती बंद करा. पासथ्रू चालू असताना स्टिकला त्या आवाजात दुसरा आवाज मिसळता येत नाही, त्यामुळे असल्या बारीक आवाजांनी ऑडिओ एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात उड्या मारतो आणि पिक्चर सुरू झाल्यावरचे पहिले काही सेकंद अडखळतात.

गुगल टीव्हीवर सेटिंग्ज, डिस्प्ले अँड साऊंड, अ‍ॅडव्हान्स्ड साऊंड सेटिंग्ज, सिलेक्ट फॉरमॅट्स. इथे ऑटोमॅटिक, नन आणि मॅन्युअल आहे. नन म्हणजे सराउंड अजिबात नको, ते तपासणीपुरतं लावा. खरं काम मॅन्युअलमध्ये आहे, तिथे एकेक फॉरमॅटचं बटण वेगळं मिळतं, म्हणजे फक्त अ‍ॅटमॉस आणि डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसऱ्या कंपनीचा फॉरमॅट) बंद करून बाकी डॉल्बी चालू ठेवता येतं. हा मला सगळ्यात चांगला बंदोबस्त वाटतो आणि बाकीच्यांनीही असाच द्यायला पाहिजे.

अ‍ॅपल टीव्हीवर हा त्रास कमी दिसतो कारण तो डॉल्बी स्वतःच उलगडून पीसीएम करून पाठवतो. तरी झालाच तर सेटिंग्ज, व्हिडिओ अँड ऑडिओ, ऑडिओ फॉरमॅट, चेंज फॉरमॅट चालू करून डॉल्बी डिजिटल ५.१ किंवा स्टीरिओ निवडा. अमेरिकेत राहणाऱ्या आणि रोकू वापरणाऱ्यांनी सेटिंग्ज, ऑडिओ, डिजिटल आउटपुट फॉरमॅटमध्ये जाऊन आधी स्टीरिओ करून बघा. ब्रॉडबँडबरोबर येणाऱ्या सेटटॉप बॉक्समध्येही साऊंडच्या मेनूत डॉल्बी किंवा स्टीरिओ असं काहीतरी असतंच, नाव काहीही असलं तरी करायचं तेच.

सेटिंग बदललं की ॲप नुसतं मागे जाऊन परत उघडू नका. बरीच ॲप सुरू होतानाच विचारून घेतात की कुठले फॉरमॅट चालतात आणि मग तेच धरून बसतात. स्टिक रीस्टार्ट करा, आणि जमलं तर टीव्ही, साऊंडबार, स्टिक तिघांचे प्लग काढून एक-दोन मिनिटं थांबा, मग आधी टीव्ही, मग साऊंडबार आणि शेवटी स्टिक असं चालू करा, म्हणजे ती ओळखपाळख नव्याने होते. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं.

टीव्हीच्या बाजूचं सेटिंग लोक विसरतात

स्टिकवर सगळं बरोबर असलं तरी टीव्ही मध्ये बसून आवाजाचं काहीतरी वेगळं करत असतो. सॅमसंगवर साऊंडच्या एक्स्पर्ट सेटिंग्जमध्ये डिजिटल आउटपुट ऑडिओ फॉरमॅट असतं, एलजीवर अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये डिजिटल साऊंड आउटपुट, सोनीवर डिजिटल ऑडिओ आउट. पीसीएम, ऑटो आणि पासथ्रू असे साधारण पर्याय. टीव्ही ऑटोवर असताना अडकत असेल तर पासथ्रू करून बघा, कारण त्यात टीव्ही मध्ये हात न घालता आवाज साऊंडबारला तसाच देतो. साऊंडबारला तो फॉरमॅट येतच नसेल तर आवाज गायब होईल, तेही एका अर्थी बरंच, निदान खरं काय ते कळलं. टीव्हीच्याच आतल्या ॲपमध्ये पिक्चर बघत असाल आणि स्टिक वगैरे नसेल तर हे सेटिंग हाच तुमचा मुख्य उपाय.

आर्क म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलनेच साऊंडबारला पाठवायची सोय, आणि ई-आर्क ही तिची नवी आवृत्ती. ई-आर्क चालू-बंद करायचं बटण असेल तर तेही एकदा बंद करून बघा. साधं आर्क २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आलं, ई-आर्क २०१७ च्या २.१ बरोबर. ई-आर्कमध्ये ३७ एमबीपीएसपर्यंत आवाज जातो, त्यामुळे ट्रूएचडीसारखे मोठे फॉरमॅटही चालतात, पण दोन्ही बाजूंनी ते नीट केलेलं हवं. स्वस्त साऊंडबारवर कधीकधी ई-आर्क बंद केल्यावर सगळं शांत होतं आणि आर्कवर डॉल्बी डिजिटल प्लस तर चालतंच, मग काय हरकत आहे. जुन्या ऑप्टिकल केबलवर असाल तर मात्र लक्षात ठेवा की तिच्यातून स्टीरिओ पीसीएम, साधं डॉल्बी डिजिटल आणि साधं डीटीएस एवढंच जातं. डॉल्बी डिजिटल प्लस जातच नाही, म्हणजे ओटीटीचा प्रत्येक ५.१ पिक्चर मध्ये कुणालातरी बदलावाच लागतो. ऑप्टिकलवाल्यांनी स्टिकवरच डॉल्बी डिजिटल करून टाकावं, टीव्हीवर ते ओझं ठेवू नये.

साऊंडबारला स्वतःचं एचडीएमआय इन असेल तर स्टिक टीव्हीला न लावता थेट त्यात लावा, मधला एक टप्पाच गेला. फक्त तो साऊंडबार ४के आणि एचडीआर चित्र पुढे जाऊ देतो ना ते बघून घ्या.

आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत जुना असेंबल केलेला ५.१ होम थिएटर आहे, तीन-सहा पिनांच्या वायरी असलेला, आणि तो नव्या टीव्हीला जोडायला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीतून एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टरचा (एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारा) छोटा डबा आणलेला असतो. अशा बऱ्याच डब्यांवर एक बारीक स्विच असतो, २ चॅनेल, ५.१ आणि पास. पहिल्या दोन्हींवर स्टिकला कुठले फॉरमॅट चालतात हे तो डबाच सांगतो, टीव्ही नाही; पासवर मात्र टीव्हीचीच माहिती पुढे जाते. स्विच पासवर असेल आणि टीव्हीला फक्त स्टीरिओ येत असेल तर मागे जोडलेला डीकोडर उपाशी राहतो, ५.१ वर असेल आणि डीकोडर नसेल तर नुसता खरखराट किंवा अडखळणं. डब्याच्या मागे खरंच डॉल्बी डीकोडर जोडलेला असेल तरच ५.१, नाहीतर २ चॅनेल.

स्वतःच्या फाइल, कोडी आणि प्लेक्सवाल्यांसाठी

कोडी, प्लेक्स आणि जेलीफिन ही स्वतःजवळच्या फाइल टीव्हीवर बघायची ॲप. इथे गणित वेगळं आहे कारण ब्लू-रेवरून काढलेल्या फाइलमध्ये आवाज खरोखरच जड असतो. डीटीएसचा साधा ट्रॅकच दीड एमबीपीएसचा, ट्रूएचडी १८ एमबीपीएसपर्यंत जाऊ शकतो, डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ २४.५ पर्यंत. त्यात सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हीत डीटीएस काढून टाकलं आणि एलजीच्या २०२० ते २०२२ च्या मॉडेलमध्येही ते नव्हतं. मग प्लेक्स किंवा जेलीफिन काय करतं तर सर्व्हरवर तो आवाज चालू पिक्चरमध्ये बदलत बसतं, आणि सर्व्हर म्हणजे जुना लॅपटॉप किंवा छोटा नॅस (नेटवर्कवरचा फाइल साठवायचा डबा) असेल तर त्याचा दम निघतो आणि चित्र अडकतं. प्लेक्सच्या डॅशबोर्डवर बघा, डायरेक्ट प्ले (जसंच्या तसं) लिहिलंय की ट्रान्सकोड (बदलून). ऑडिओसमोर ट्रान्सकोड दिसलं तर फाइलमध्येच दुसरा एसी३ (म्हणजेच साधं डॉल्बी डिजिटल) ट्रॅक आहे का बघून तो निवडा. नसेल तर एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरने फक्त आवाज ६४० केबीपीएसच्या एसी३ मध्ये बदलून घ्या आणि चित्र जसंच्या तसं कॉपी करायला सांगा. चित्र परत एन्कोड होत नसल्यामुळे हे पटकन उरकतं आणि चित्राच्या क्वालिटीत कणभर फरक पडत नाही.

कोडीत सेटिंग्ज, सिस्टिम, ऑडिओमध्ये अलाऊ पासथ्रू आहे, ते बंद करून तपासा. पासथ्रू हवंच असेल तर त्याखाली प्रत्येक फॉरमॅटचं वेगळं बटण आहे, साऊंडबारच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तेवढेच चालू ठेवा. आणि प्लेअरच्या सेटिंगमधलं सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले चालू असेल तर कोडी पासथ्रू वापरतच नाही, हे माहीत नसल्यामुळे लोक तासन्‌तास साऊंडबारशी झटत बसतात.

हे आवाजामुळे नाही

कॅमेरा आडवा फिरताना सारखा एका ठराविक लयीत झटके येतात आणि माणसं बसून बोलताना काहीच नाही, तर तो फ्रेम रेटचा मामला आहे. पिक्चर २४ फ्रेमचा, आपल्याकडच्या टीव्ही सिरियल २५ च्या, आणि स्टिक ६० हर्ट्झवर पाठवते. त्यासाठी फायर टीव्हीवर मॅच ओरिजिनल फ्रेम रेट किंवा अ‍ॅपल टीव्हीवर मॅच फ्रेम रेट चालू करा. फक्त हे चालू केल्यावर दर पिक्चरच्या सुरुवातीला स्क्रीन क्षणभर काळी होते आणि आवाजाचीही जोडणी परत होते, म्हणून सुरुवातीला आवाज जरा उशिरा आला तर घाबरू नका.

स्टिकला टीव्हीच्याच यूएसबीतून करंट देत असाल तर तेही थांबवा. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात आणि स्टिकबरोबरचा अ‍ॅडाप्टर साधारण १ अँपिअरचा किंवा त्याहून जास्तीचा असतो. रात्री घरच्यांची झोपमोड नको म्हणून ब्लूटूथ हेडफोन लावत असाल आणि तेव्हाच अडकत असेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या, कारण ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात गर्दी करतात.

हे सगळं करूनही एकाच ॲपमध्ये अडकत असेल आणि बाकी सगळीकडे ठीक असेल तर डिव्हाइसचं सेटिंग परत चांगल्यावर नेऊन ठेवा आणि त्या एका ॲपमध्येच स्टीरिओ निवडा, एका ॲपपायी सगळ्यांचा ५.१ घालवू नका. आणि कस्टमर केअरशी बोलताना नुसतं व्हिडिओ अडकतो असं सांगू नका, ते लगेच राऊटर बंद करून चालू करायला लावतात. ५.१ वर अडकतो, त्याच सीनला स्टीरिओवर अडकत नाही, स्टिकचं मॉडेल हे, टीव्हीचं हे, साऊंडबार आर्कवर आहे की ऑप्टिकलवर, आणि सॉफ्टवेअरचं व्हर्जन कुठलं, एवढं एका दमात सांगा, आणि तक्रार टेक्निकल टीमकडे नोंदवून तिचा नंबर मागून घ्या.